कॅसेटच्या शेवटी उरलेलं अर्धं गाणं

कृष्णाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४२

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा. १९९० च्या आसपास आठवी-नववीत होतो. विकतची नवी कॅसेट परवडायची नाही म्हणून आम्ही कॅसेट 'भरून' घ्यायचो. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना लगेच कळेल. साठची कोरी कॅसेट आणि वहीच्या कागदावर गाण्यांची यादी दुकानात नेऊन द्यायची, दोन-तीन दिवसांनी भरून मिळायची. ते बेकायदेशीर वगैरे असतं हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. माझी यादी म्हणजे कयामत से कयामत तक, मैंने प्यार किया, आशिकी, बास, दुसरं काही नाही.

आता साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. त्यात पाच-सहा गाणी बसायची आणि शेवटी दीड-दोन मिनिटांची टेप उरायची. आमचे दुकानदार काका ती कोरी सोडायचे नाहीत. तिथं त्यांच्या मनानं काहीतरी भरायचे, आपल्या यादीत नसलेलं. असंच एका कॅसेटच्या बी साइडला शेवटी एका बाईंचं मराठी गाणं यायचं. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, माझ्या कॅसेटमध्ये हे काय घुसवलंय म्हणून. मी ते पुढं पळवायचो. पण रात्री अंथरुणात पडून ऐकताना तेवढ्यासाठी कोण उठणार, म्हणून ते वाजत राहायचं, आणि ऐन रंगात आलं की ओळ पुरी व्हायच्या आत खट्ट! टेप संपली.

असं ते अर्धं गाणं मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. कधी आवडायला लागलं तेही सांगता येणार नाही. पण बारावीपर्यंत अशी वेळ आली की मी ती कॅसेट त्या दीड मिनिटासाठीच लावायचो. कुणी गायलंय माहीत नाही, पुढं काय आहे माहीत नाही. विचारीन विचारीन म्हणता काकांना विचारायचं राहिलं आणि एक दिवस ते दुकानच बंद झालं.

२००८ साल. पुण्यात नोकरी, कंपनीची बस, ड्रायव्हरनं रेडिओ लावलेला, आणि तेच गाणं सुरू झालं. मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो, सरळ झालो. जिथं माझी टेप खट्ट व्हायची ती जागा आली, आणि गाणं थांबलं नाही. पुढं गेलं. खरं सांगतो, अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं माझ्यासाठी तिथं भिंत होती आणि भिंतीपलीकडं अख्खं गाणं होतं. माझा स्टॉप आला, मी उतरलो नाही. शेवटी निवेदिकेनं नाव सांगितलं. 'जाईन विचारीत रानफुला', शब्द शांता शेळके, संगीत हृदयनाथ मंगेशकर, गायिका किशोरी आमोणकर.

किशोरीताई म्हणजे शास्त्रीय गाणाऱ्या एवढंच मला माहीत होतं, आणि शास्त्रीय म्हटलं की मी चार हात लांब. पण आता आवाजाशी ओळख निघाली होती ना, मग ऑफिसमधल्या एका मित्रानं किशोरीताईंनी गायलेला भूप राग दिला. त्यात आधी विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतलं 'प्रथम सूर साधे' आणि मग 'सहेला रे'. मी काय करायचो, विलंबित सोडून थेट 'सहेला रे'वर जायचो, कारण त्याला चाल होती, गुणगुणता यायचं. दोनेक वर्षं असंच. मग एकदा घाटात गाडी चालवताना पुढं ढकलायला हात मोकळा नव्हता, विलंबित पूर्ण ऐकावं लागलं. आणि नंतर 'सहेला रे' आलं तेव्हा ते आधी कधीच इतकं गोड लागलं नव्हतं. जेवायला बसल्याबसल्या भूक नसताना श्रीखंड खाणं आणि दिवसभर राबून आल्यावर खाणं यात जो फरक आहे तो. आता मी विलंबितासाठीच तो भूप लावतो.

तर मला म्हणायचंय ते हे. लोक म्हणतात वय झालं की आवड गोठते, नवीन गाणी आवडत नाहीत. पण नवीन गाणं म्हणजे काल आलेलं असंच कशाला? मी ज्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं त्या दिवशी ते नवं. मला सगळ्यात मोठा आनंद अशा गाण्यांनी दिलाय जी आधी माझ्या कानावरून गेली होती आणि मी पुढं पळवली होती.

तुमचं असं कुठलं गाणं? आधी पळवलेलं, मग धरून ठेवलेलं. लिहा.

(किशोरीताईंना समोर बसून ऐकायचं मात्र राहिलं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ करत राहिलो आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. ही रुखरुख कायमची.)

---

स्वप्नाली_डों | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

८:०५ च्या लोकलमध्ये वाचलं आणि डोळे भरून आले. 'तिथं भिंत होती' हे वाचून तर थांबलेच. रात्री सविस्तर लिहिते.

---

शिवनेरी_बस | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

लेख आवडला पण एक मुद्दा पटला नाही. तुम्हाला सापडलेलं 'नवं' गाणंसुद्धा जुनंच आहे की. आत्ता येणाऱ्या गाण्यांत तसं काही सापडत नाही हीच तर आमची तक्रार आहे. नव्वदनंतर मराठीत शब्द संपले असं माझं प्रामाणिक मत. ठेका ऐकू येतो, कविता ऐकू येत नाही. मी प्रयत्न केलाय, मुलगा गाडीत लावतो ते ऐकतो, पण घरी आल्यावर त्यातली एक ओळ आठवत नाही.

---

कृष्णाकाठ | ४ फेब्रुवारी, दुपारी २:१५

शिवनेरी, एक ओळ आठवत नाही ही तक्रार माझ्या वडिलांची माझ्या कॅसेटींबद्दल होती, अगदी हेच शब्द. म्हणून मी घाईनं मत द्यायला बिचकतो. बाकी नव्वदनंतर शब्द संपले म्हणाल तर संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचा 'आयुष्यावर बोलू काही' २००३ चा, आणि त्या कार्यक्रमाला कॉलेजची पोरं कविता ऐकायला रांगा लावायची. 'जोगवा'तलं 'जीव रंगला' आठवा. हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही त्याच सिनेमातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिनेमातलं गाणं म्हणून सोडून दिलं होतं, दोन वर्षांनी त्यातली शब्दांची वीण कळली.

---

जुना_रेडिओ | ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

मी नागपूरचा, वय ७६, इथे बहुतेक वाचनमात्र असतो. आज लिहावंसं वाटलं.

आमच्या लहानपणी आवड बदलायची ती सरकारी हुकमानं. १९५२ मध्ये केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आपलेच मराठी गृहस्थ, त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली आणि शास्त्रीय संगीत लावलं. आमचे वडील खूश. आम्ही पोरं मात्र शेजाऱ्यांकडे. तिथे बुधवारी रात्री रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला आणि अमीन सायानी. आवाज लाटेसारखा यायचा जायचा, गाण्याचा अर्धा अंतरा खरखरीत बुडायचा. कृष्णाकाठ, तुमचं अर्धं गाणं वाचून मला ते आठवलं. आम्ही त्या बुडालेल्या ओळी मनानेच भरायचो आणि पुढे खऱ्या ओळी ऐकल्या की कधी कधी आपलीच बरी वाटायची.

पण माझं सांगायचंय ते सत्तरीनंतरचं. वडिलांनी जबरदस्तीनं ऐकवल्यामुळे शास्त्रीयाशी माझं आयुष्यभर जमलं नाही, आणि कर्नाटक संगीत तर सगळं सारखंच वाटायचं. चार वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहायला आलं. रोज पहाटे जिन्यातून एक फार खोल, फार सावकाश आवाज उतरायचा. मला आधी वाटलं यंत्रच मंद चालतंय. विचारलं तर म्हणाले, हे एम. डी. रामनाथन, १९८४ मध्ये गेले, त्यांची लयच अशी. मी म्हटलं बसू का थोडा वेळ? बाप्पा, असा गवय्या मी ऐकला नव्हता. एक स्वर लावतो आणि त्याच्याजवळ बसून राहतो, कुठे जायची घाई नाही. तरुणपणी मला हे दहा मिनिटं सोसलं नसतं. आता माझीही चाल तीच झालीय, गुडघ्यांमुळे का होईना, म्हणून ते मला कळतं. शब्द तेलुगू, संस्कृत, तमिळ, त्यातलं संस्कृत तेवढं समजतं. तरी रोज पहाटे सहाला मी वर असतो, त्यांच्याकडची कापी पितो आणि ऐकतो. सहाना नावाचा राग आहे त्यांच्यात, तो ओळखायला शिकलोय. या वयात नवीन राग ओळखता आला त्या दिवशी मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

---

ढोलकी२१ | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३३

काका, लई भारी लिहिलंत.

मी लातूरचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, शेवटचं वर्ष. माझं उलट्या बाजूनं झालं. मी रॅपवाला. एमसी स्टॅन, डिवाइन, नेझी, दिवसभर तेच. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला भीमगीतं लागायची, लहानपणापासून एवढी ऐकली की ऐकू येणंच बंद झालं होतं, मी कानात इयरफोन घालून बसायचो.

सेकंड इयरला स्वतः रॅप लिहायला लागलो आणि अडकलो. यमक जुळायचं पण ठेक्यावर शब्द पडायचा नाही, एक अक्षर जास्त नाहीतर एक कमी. सुट्टीत घरी आजोबांना म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वामनदादा ऐक. वामनदादा कर्डक, सिन्नरजवळच्या देशवंडीचे. अक्षरओळखच मोठेपणी झाली आणि हजारो गाणी लिहिली. आजोबांनी मांडीवर ठेका धरून एकेक ओळ म्हणून दाखवली, कुठं श्वास घ्यायचा, कुठं शब्द तोडायचा, कुठं आतलं यमक लपवलंय. मी तिथंच वही काढली. जे मी यूट्यूबवर फ्लो फ्लो म्हणून शिकत होतो ते सगळं आमच्या घरात होतं, आणि मी त्याच्यावर इयरफोन घालून बसलो होतो.

तिथून मग प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आणि कडूबाई खरात. कडूबाईंच्या हातात फक्त एकतारी असते, मागं ना बीट ना काही, आणि आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थांबतो. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओनं त्या सगळीकडं पोचल्या. मी त्यांचं गाणं लावून त्याच्यावर नुसत्या टाळीनं स्वतःचं लिहितो.

आणि शिवनेरी सर, क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' २०२४ चं, ऐकलं असेल. नीट ऐका, खाली हाऊसचा, म्हणजे क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा ठेका आहे पण मजा सगळी मराठी शब्दांच्या कडक उच्चारात आहे. ड आणि ळ जिथं पडतात तिथं ते वाजतात. जगभरच्या पोरांना अर्थ कळत नसताना ते नाचतात ते त्या अक्षरांवर.

---

शिवनेरी_बस | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

ढोलकी, तुझी पोस्ट दोनदा वाचली. वामनदादांचं शब्द तोडणं मी ऐकलेलं आहे पण त्याकडे असं बघितलं नव्हतं. ते नाचाचं गाणंही ऐकतो परत, यावेळी ड आणि ळ कडे लक्ष देऊन. आवडेल असं वचन देत नाही.

---

अनुजा_नेकारकाठ | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:४४

किती सुंदर धागा. मी श्टुटगार्टजवळ राहते, नऊ वर्षं झाली. माझी पळवलेली गोष्ट म्हणजे अख्खं पाश्चात्त्य अभिजात संगीत.

लहानपणी पाच वर्षं गाणं शिकले होते, तीन परीक्षा दिल्या, त्यामुळे कान असा तयार झालेला की एक सूर धरायचा आणि त्याच्या मागे जायचं. इथल्या चर्चमधलं कोरस ऐकलं की मला कळायचंच नाही नक्की कुणाच्या मागे जायचं, चार जण चार दिशांना चाललेत. गोंगाट नाही पण गर्दी वाटायची. मग भाषा सुधारावी म्हणून शेजारणीने मला त्यांच्या कोरसमध्ये नेलं. माझा आवाज खालचा, म्हणून आल्टोत, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत बसवलं. आल्टोच्या वाट्याला चाल अशी येतच नाही! सोप्रानोवाल्या बायका वर छान गाणं गातात आणि आपण दोन-तीन सुरांवर घुटमळत बसायचं. घरी सराव करताना नवरा विचारायचा, हे गाणं आहे का नुसतं हं हं करणं?

एका तालमीत काय झालं, माझा एकच सूर होता, चार मात्रा धरून ठेवायचा. मी तो धरला, आणि खाली पुरुषांचे सूर बदलले. माझा सूर तोच, मी काहीच केलं नाही, पण तो आधी निवांत वाटत होता तो एकदम व्याकूळ झाला आणि पुढच्या मात्रेला परत शांत. मला घशात जाणवलं ते. मी गायचीच थांबले. बाजूच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला, काही बोलल्या नाहीत, त्यांना माहीत असावं.

त्यानंतर मी पहिल्यांदा जर्मन संगीतकार बाखचं 'मॅथ्यू पॅशन', येशूच्या अखेरच्या दिवसांवरची मोठी संगीतरचना, पूर्ण ऐकलं, गुड फ्रायडेला, लाकडी बाकावर, तीन तास. १७२७ मध्ये लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये पहिल्यांदा झालं, बाख १७५० मध्ये गेला, आणि मग ते जवळजवळ विस्मरणात गेलं. १८२९ मध्ये मेंडेल्सोन या संगीतकारानं बर्लिनमध्ये पुन्हा केलं, तेव्हा तो फक्त वीस वर्षांचा होता. शंभर वर्षं जुनं गाणं त्या दिवशी ऐकणाऱ्यांसाठी नवंच होतं. कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं ते यामुळे.

आणि हो, आता मी यमन ऐकते तेव्हा तानपुऱ्याकडे लक्ष जातं. आधी तो मागे असायचा, आता गायकाचा प्रत्येक सूर तानपुऱ्याला लागून कसा रंग बदलतो ते ऐकू येतं. हे मला जर्मनीत कळायला हवं होतं का, माहीत नाही, पण तसं झालं खरं.

---

स्वप्नाली_डों | ५ फेब्रुवारी, रात्री ११:०२

काल लिहिते म्हटलं, आज जमलं. माझा एक अनुभव आणि एक युक्ती.

अॅप आपल्याला आपल्यासारखंच देत राहतं. मी एकदा आठवडाभर पावसाची गाणी ऐकली तर मार्चपर्यंत पाऊस पडत होता. मग मी ठरवलं की गाण्यातून एका माणसाचा धागा धरायचा आणि त्याच्या घरी जायचं. गायकाचा नाही, तो सगळेच धरतात. कवीचा. 'ये रे घना' ऐकलं, आशाबाईंचं म्हणून नाही, आरती प्रभूंचं म्हणून. मग आरती प्रभूंची बाकीची गाणी, मग त्यांच्या कविता, मग कुडाळ-वेंगुर्ल्याकडचा तो पाऊस. वर्ष गेलं त्यात. नंतर वाद्याचा धरला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी मुंबईत येऊन हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. त्यांची नावं कळल्यापासून मी जुन्या गाण्यांत शब्द संपल्यावरचं ऐकते. दोन कडव्यांमधला व्हायोलिनचा तुकडा. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं अनोळखी होतं हो अगदी.

कॅसेटच्या आतल्या कागदावर नावं तरी असायची. आता तीही शोधावी लागतात.

---

फोंड्याची_माई | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

गोव्याचा विषय निघालाच आहे आणि किशोरीताईंपासून धागा सुरू झालाय म्हणून लिहिते. त्यांच्या आई, गायिका मोगूबाई, आमच्या कुर्डीच्या. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणात गेलं, माणसं दुसरीकडे वसवली. पण दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. घरांचे चौथरे, सुकलेला चिखल, सोमेश्वराचं देऊळ. गावचे लोक तेवढ्यापुरते परत जमतात, उत्सव करतात आणि पाऊस आला की परत सगळं पाण्याखाली. मी दोनदा गेले आहे. तिथे उभं राहिल्यावर बोलावंसं वाटत नाही.

आणि कृष्णाकाठ, तुम्ही सांगलीचे म्हणून एक सांगते, कदाचित माहीत असेल. मोगूबाई नाटक कंपनी सोडून सांगलीत राहत होत्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे मोठे गवई अल्लादियाखाँसाहेब तेव्हा उपचारासाठी सांगलीत आलेले. जाता-येता त्यांच्या कानावर या मुलीचा रियाझ पडायचा, आणि एक दिवस ते स्वतः आत आले आणि शिकवायला लागले. तुमच्या कॅसेटवरचा तो आवाज ज्या घराण्यातून आला त्याची ही गाठ तुमच्याच गावात पडलेली आहे.

---

कृष्णाकाठ | ६ फेब्रुवारी, दुपारी १:०५

माई, नाही हो, माहीत नव्हतं. जन्म गेला सांगलीत आणि हे मला फोंड्याहून कळतंय. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, अजून डबा उघडलेला नाही. शनिवारी गावी जातोय. आईला विचारतो, तिला माहीत असेल तर.

---

ढोलकी२१ | ८ फेब्रुवारी, रात्री २:१७

कृष्णाकाठ दादा, लातूरच्या बसमध्ये आहे, झोप येईना म्हणून 'रानफुला' लावलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, फार हळू. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणता तसं दीड मिनिटाला बंद केलं मुद्दाम. पाच मिनिटं बाहेर अंधार बघत बसलो आणि मग पुढचं लावलं. कळलं तुम्हाला काय झालं असेल ते. त्या एक शब्द सोडतच नाहीत, त्याच्या कडेनं फिरत राहतात. आता भूप लावतो, विलंबितापासून. उस्मानाबाद यायचंय अजून.

---

कृष्णाकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ९:५०

ढोलकी, भूप कसा वाटला ते कळव, नाही आवडला तरी कळव.

मंडळी, सांगलीला जाऊन आलो. आईला मोगूबाईंचं माहीत होतं! म्हणाली, तू कधी विचारलंस? माळ्यावर चढलो, जुन्या ट्रंकेत कॅसेट सापडली. बुरशी थोडी आलीय पण टेप तुटलेली नाही. आतल्या कागदावर तेव्हा मी आमिर खानचा फोटो चिकटवला होता, मासिकातून कापलेला. खळ वाळून गेलेली, बोटानं उचलला तर फोटो अलगद सुटला. खाली दुकानदार काकांच्या बारीक अक्षरात गाण्यांची यादी होती, मी भरून आणल्या आणल्या वाचायच्या आधीच झाकून टाकलेली. बी साइड, सहावं: 'किशोरीताई. अर्धंच बसलं. पूर्ण ऐकायला ये.'

आता टेप प्लेअर शोधतोय. पुण्यात कुणाकडे चालू स्थितीतला असेल तर सांगा.

---

शिवनेरी_बस | १० फेब्रुवारी, रात्री १०:१२

माझ्याकडे आहे, कोथरूडला. मागच्याच वर्षी नवा बेल्ट टाकलाय आणि हेड साफ करून घेतलंय. आधी कॅसेटची बुरशी काढावी लागेल, तशीच लावू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.